नसांची मोजणी

ईएमजीचा, म्हणजे नसा-स्नायूंच्या तपासणीचा, पहिला रिपोर्ट स्क्रीनवर उघडला तेव्हा मला माहेरी आल्यासारखं वाटलं. त्याआधीचे सात महिने मी अमेरिकेतल्या इमर्जन्सी विभागांचे चार्ट कोड करत होते. पोटदुखी, पडणं, खोकला, पुन्हा पोटदुखी. आणि आता समोर मीडियन, अल्नार, रेडियल, सुरल. ही नावं मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला हाडांचा सेट मांडीवर घेऊन पाठ केलेली. इलेक्ट्रोथेरपीच्या प्रॅक्टिकलला आम्ही मैत्रिणी एकमेकींच्या मनगटावर करंट द्यायचो आणि अंगठा आपोआप उडाला की हसायचो. न्यूरॉलॉजीच्या प्रोजेक्टवर मला घेतलं तेही याच जोरावर. लीड म्हणाली होती, "तू फिजिओ ना? मग नसा तुला येतातच."

येत होत्या. तरीही चौदा महिने मी त्या चुकीच्या मोजल्या. ते कसं झालं आणि निस्तरताना काय काय करावं लागलं, ते इथे लिहिते आहे. या कामात येणारी आपली मुलंमुली पुष्कळ आहेत. बीफार्म, बीएचएमएस, नर्सिंग, बीएस्सी करून कुणी पुण्यात, कुणी ऐरोलीला रोज हेच करतं. त्यांच्यातल्या कुणाला तरी उपयोग व्हावा.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत डॉक्टरने केलेल्या प्रत्येक कामाला एक पाच अंकी नंबर असतो. तो सीपीटी कोड. पुस्तक अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं, १९६६ पासून निघतं आणि दर १ जानेवारीला त्यात बदल होतात. आजाराला वेगळा कोड, आयसीडी-१० मधला. काय केलं आणि कशासाठी केलं, या दोन्हींची जोडी जुळली तर विमा कंपनी पैसे देते. आम्ही कोडर डॉक्टरांचा रिपोर्ट वाचून ही जोडी लावतो. पाळी दिवसाची असते. रात्रपाळी एआर कॉलरांची, म्हणजे अडकलेल्या बिलांचा पाठपुरावा करणाऱ्यांची, कारण तिकडच्या विमा कंपन्यांना फोन लावायचे तर तिकडे ऑफिस उघडं हवं.

नसा आणि स्नायूंच्या तपासणीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात त्वचेवरून नसेला छोटा शॉक देऊन तो किती वेळात, किती जोरात पुढे पोचतो ते बघतात. आपल्याकडे याला सगळे एनसीव्ही म्हणतात, अमेरिकन रिपोर्टांत एनसीएस लिहिलेलं असतं. दुसऱ्या भागात बारीक सुई थेट स्नायूत घालून स्नायू शांत असताना आणि आवळल्यावर कसा आवाज करतो ते ऐकतात. ती ईएमजी. मुंग्या, बधिरपणा, हातातली ताकद जाणं, अशा तक्रारींसाठी दोन्ही बहुधा एकाच बैठकीत होतात.

एनसीएसचे कोड दिसायला फार सोपे आहेत. १ किंवा २ तपासण्या केल्या तर ९५९०७. तीन-चार केल्या तर ९५९०८. पाच-सहाला ९५९०९, सात-आठला ९५९१०, नऊ-दहाला ९५९११, अकरा-बाराला ९५९१२ आणि तेरा किंवा जास्त झाल्या तर ९५९१३. एका दिवसात एका रुग्णाला यातला एकच लागतो. म्हणजे कोडरने करायचं काय, तर मोजायचं. सगळी गोम "एक तपासणी" कशाला म्हणायचं यात आहे.

हे कोड २०१३ च्या जानेवारीत आले. त्याआधी प्रत्येक नसेचं वेगळं बिल व्हायचं. हालचालीची नस साधी तपासली तर ९५९००, तिच्यासोबत एफ वेव्ह, म्हणजे मज्जारज्जूपर्यंत जाऊन माघारी येणारी लाट, बघितली तर ९५९०३, संवेदनेची नस असेल तर ९५९०४. एच रिफ्लेक्स या प्रतिक्षिप्त क्रियेच्या तपासणीचे कोड आणखी वेगळे. २०१३ ला हे सगळे रद्द झाले. पण आमच्या प्रोजेक्टवर एक एक्सेल शीट होती, ती रद्द झाली नव्हती. कुणी बनवली, कुणाला ठाऊक नाही. आमच्याकडे ती आली तेव्हाच तिच्यावर तीन जणांच्या हाताचे रंग चढलेले होते. तिच्यात चार रकाने होते: मोटर (हालचालीची), मोटर विथ एफ, सेन्सरी (संवेदनेची), एच. खाली बेरीज आणि बेरजेवरून नवा कोड आपोआप. जुन्या कोडांचा सांगाडा तसाच ठेवून त्याच्यावर नवं छप्पर टाकलेलं.

आता रिपोर्ट कसा असतो ते सांगते, म्हणजे चूक कळेल. पहिल्या तक्त्यात मोटर. उजवी मीडियन, तिच्याखाली दोन ओळी: मनगट, कोपर. उजवी अल्नार, तिच्याखाली तीन ओळी: मनगट, कोपराच्या खाली, कोपराच्या वर. मग डावीकडचं तसंच. दुसऱ्या तक्त्यात सेन्सरी. तिसऱ्या तक्त्यात एफ वेव्ह, आणि तिथे पुन्हा उजवी अल्नार, डावी अल्नार. मनगट आणि कोपर मिळून एक धरायचं हे मला माहीत होतं. पण अल्नारचं नाव पहिल्या तक्त्यात आलं की मी "मोटर"च्या रकान्यात एक टाकायचे, आणि तिसऱ्या तक्त्यात आलं की "मोटर विथ एफ"च्या रकान्यात आणखी एक. शीटला रकाना होता म्हणून तो भरला जायचा. चार मोटर, चार सेन्सरी, दोन एफ, झाले दहा. ९५९११. प्रत्यक्षात होत्या आठ, म्हणजे ९५९१०.

आमच्या मजल्यावर कागद-पेन न्यायची परवानगी नाही. फोन लॉकरमध्ये. रुग्णाची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून ते योग्यच आहे. पण त्यामुळे मोजायचं तर डोक्यात किंवा शीटमध्ये. दिवसाचं टार्गेट डोळ्यांसमोर असतं, क्यूएची, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्यांची, ९५ टक्के अचूकतेची अट असते, आणि शीट दहा म्हणते म्हटल्यावर दहा. क्यूए करणाराही तीच शीट वापरत होता. त्यामुळे माझी अ‍ॅक्युरसी महिन्यामागून महिना उत्तम येत राहिली. ते आठवलं की अजूनही पोटात खड्डा पडतो.

एका खासगी विमा कंपनीने रिपोर्ट मागवला आणि क्लेम खाली आणला. ९५९११ ला कागदपत्रांचा आधार नाही, ९५९१० मान्य. लीडने मला बोलावलं. मी भांडले. विमा कंपन्या पैसे कापायला टपलेल्याच असतात, अपील करू या, असं मी तिला सांगितलं, आणि मनापासून सांगितलं. तिने काही न बोलता सीपीटीचं पुस्तक उघडलं, मागचं 'जे' नावाचं परिशिष्ट (अपेंडिक्स J) काढलं. तिथे नसांची यादी आहे, आणि यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे एक तपासणी. कोडांच्या वरच्या सूचनेत स्पष्ट लिहिलेलं: हालचालीच्या नसेची तपासणी एफ वेव्हसह असो वा एफ वेव्हशिवाय, एकच. संवेदनेची एक. एच रिफ्लेक्सची एक. एकाच नसेला कितीही ठिकाणी शॉक दिला तरी एक.

मी वाचलं, मान हलवली, तो चार्ट दुरुस्त केला आणि पुढच्या चार्टपासून एफचा रकाना रिकामा सोडायला लागले. प्रकरण मिटलं असं दोघींनाही वाटलं. नियम कळला होता, पण तो तसा का, हे मात्र मला कळलं नव्हतं.

ते कळलं डिसेंबरात, साताऱ्यात.

आई तीस वर्षं ब्लाउज शिवते. दोन वर्षांपासून साखर आहे. रात्री तीनच्या सुमाराला ती उठून बसायची आणि थर्मामीटर झटकतात तसे दोन्ही हात झटकायची. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं, तिथे मुंग्या. सुईत दोरा ओवताना सुई हातात आहे की नाही कळत नाही म्हणायची. मी तिला हाताचे पंजे एकमेकांना मागच्या बाजूने टेकवून उलटा नमस्कार करायला लावला आणि मिनिटभर धरायला सांगितला. चाळीस सेकंदांत तिने हात सोडवले. "अगं, सगळी मुंग्यांची वारुळं उठली." मनगटातल्या बोगद्यात, कार्पल टनेलमध्ये, मीडियन नस दाबली जात होती, त्यात शंका नव्हती. डॉक्टरांनी दोन्ही हातांची एनसीव्ही लिहून दिली आणि साखर आहे म्हणून पायाचीही एक-एक नस बघू म्हणाले. मी सुट्टी टाकून गेले.

या तपासणीचे शेकडो रिपोर्ट मी वाचले होते. तपासणी मात्र कॉलेजानंतर प्रथमच बघत होते.

डॉक्टरांनी आधी आईचे हात हातात घेतले आणि म्हणाले, "काकू, हात गार आहेत. असे चालणार नाहीत." त्वचेचं तापमान मोजलं, तीस निघालं. गार हातात नस हळू चालते, मग निरोगी नसही आजारी दिसते. गरम पाण्याची पिशवी आणून हात शेकले, बत्तीसच्या वर गेल्यावर पुढे सरकले. रिपोर्टात कोपऱ्यात तापमानाचा एक आकडा असतो. मी त्याच्यावरून रोज नजर फिरवून पुढे जायचे. त्या आकड्यामागे पिशवी आणि पंधरा मिनिटं असतात.

मग अंगठ्याच्या मुळाशी, तळहाताच्या फुगीर भागावर, एक चिकटपट्टी लावली. तिथला स्नायू मीडियन नसेवर चालतो. मनगटावर प्रोब ठेवून शॉक. आईचा अंगठा उडाला. थोडा करंट वाढवला, पुन्हा उडाला. स्क्रीनवरचा डोंगर वाढायचा थांबेपर्यंत करंट वाढवत नेला. ५.६ मिलिसेकंद. त्यांच्या मशीनवर ४.४ च्या आत यायला हवं होतं. मग प्रोब कोपराच्या आतल्या बाजूला नेला, पुन्हा शॉक. तोच अंगठा, तोच डोंगर, फक्त उशिरा. ९.६. डॉक्टरांनी टेपने दोन्ही जागांमधलं अंतर मोजलं, बावीस सेंटिमीटर. मशीनने भागाकार केला: २२० मिलिमीटर, ४ मिलिसेकंद, वेग सेकंदाला ५५ मीटर. म्हणजे हातातली नस ठीक, अडचण फक्त मनगटाच्या पुढे.

तिथे मला दिसलं. मनगटाची ओळ आणि कोपराची ओळ या दोन तपासण्या असूच शकत नाहीत. एका जागी शॉक देऊन वेग निघत नाही. दोन जागा लागतातच, कारण दोन्हींमधला फरकच तर हवा असतो. दोन्ही ओळी मिळून एक उत्तर. अल्नारच्या तीन ओळींचंही तेच. कोपराच्या खालून आणि वरून दोन्हीकडे शॉक दिला म्हणून तर कोपरात नस अडते का ते कळतं.

नंतर एफ वेव्ह. मी नकळत उठून उभी राहिले. अल्नारवर करत होते. चिकटपट्टी करंगळीच्या बाजूच्या स्नायूवर होती, ती त्यांनी हलवली नाही. प्रोब तसाच मनगटावर, फक्त उलटा धरला. शॉक वर जातो, मानेतल्या मज्जारज्जूपर्यंत, आणि तिथून माघारी येऊन पुन्हा तोच स्नायू किंचित हलवतो. स्क्रीनवर मोठ्या डोंगरानंतर बऱ्याच अंतराने छोट्या छोट्या टेकड्या. दहा शॉक, दहा टेकड्या. आईने डोळे मिटले होते, ओठ हलत होते, बहुतेक रामरक्षा चालली होती. तीच नस, तोच स्नायू, तीच पट्टी. मशीनवर एक बटण बदललं एवढंच. हे मी वेगळं काम म्हणून मोजलं होतं.

पण त्याच खोलीत उलटंही दिसलं. संवेदनेसाठी डॉक्टरांनी आधी तर्जनीवर अंगठीसारख्या तारा अडकवल्या. मग त्या काढून तळहातातून मनगटाकडे जाणारा मीडियनचा तुकडा वेगळा तपासला, आणि तसाच अल्नारचा, दोन्हींची तुलना करायला. नाव दोन्हीकडे मीडियनच. पण तारा वेगळ्या, फांदी वेगळी, प्रश्न वेगळा. परिशिष्ट जे मध्ये या दोन वेगवेगळ्या ओळी आहेत. मी "मीडियन सेन्सरी उजवी, एक" असं टाकून मोकळी होत आले होते. म्हणजे काही चार्टांत मी जास्त मोजलं होतं, तसं काहींत कमीही मोजलं होतं.

शॉक किती ठिकाणी दिला हे मोजायचंच नाही. नसेची कोणती फांदी बघितली, ते मोजायचं. हे एक वाक्य मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर चौदा महिने वाचले असते.

पावतीवर आईच्या नावापुढे एकच ओळ होती: एनसीव्ही, दोन्ही हात व पाय. एक रक्कम. आपल्याकडे नसा मोजून बिल होत नाही. मनगटाला रात्री लावायला पट्टा दिला, साखर आटोक्यात ठेवायला सांगितली. परतीच्या रिक्षात आई म्हणाली, "तुझं काम हेच का गं? मग जपून करत जा. लोकांना शॉक बसलेले असतात."

सोमवारी मी लीडकडे गेले आणि मागचे सगळे चार्ट पुन्हा बघायची परवानगी मागितली. ती बराच वेळ गप्प होती. "सगळे?" "सगळे. माझे नाही फक्त, शीट वापरणाऱ्या चौघांचेही." तिला याचा अर्थ माझ्याआधी कळला होता. मेडिकेअरकडून, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या अमेरिकी सरकारी विम्याकडून, जास्तीचे पैसे आले आहेत हे एकदा लक्षात आलं की ते साठ दिवसांच्या आत कळवून परत करावे लागतात. हा २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यातला नियम आहे. म्हणजे आम्ही शोधायला सुरुवात केली की थांबता येणार नव्हतं. तिने कंप्लायन्सला, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाला, मेल केला, त्यांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या गटाला कळवलं. मला वाटलं होतं, कुणावर तरी खापर फुटेल. तिकडून दोन ओळींचं उत्तर आलं: बघा, आणि जे निघेल ते सगळं आम्हाला पाठवा. लीडने ती मेल आम्हा चौघांना पुढे पाठवली आणि स्वतःही शनिवारी येऊन बसली.

सहाशेच्या वर रिपोर्ट होते. रोजचं काम संपवून वरचे दोन तास. सात आठवडे लागले.

शीट आम्ही वापरलीच नाही. माझ्याकडे कागद नव्हता, म्हणून मी माझ्या डाव्या हातावर मोजायला लागले. अंगठ्याच्या मुळाला बोट टेकवलं की मीडियन मोटर. करंगळीच्या कडेला अल्नार मोटर. तर्जनीचं टोक मीडियन सेन्सरी, करंगळीचं टोक अल्नार सेन्सरी, अंगठ्याच्या मागची खाच रेडियल. रिपोर्टातली प्रत्येक ओळ वाचून बोट त्या जागी न्यायचं. जिथे बोट आधीच जाऊन आलेलं आहे तिथे पुन्हा मोजायचं नाही. एफ वेव्हचा तक्ता आला की बोट आपोआप करंगळीच्या कडेला जायचं आणि तिथे आधीच मोजलेलं असायचं. शेजारची सहकारी लातूरची, बीफार्म. तिने दोन दिवसांत ही पद्धत उचलली आणि पायांसाठी स्वतःच्या पोटरीवर मोजायला लागली.

सगळ्या चुका कोड बदलणाऱ्या नव्हत्या. सातचे आठ झाले तरी कोड ९५९१० च राहतो. अशा चुका त्या जोडीच्या पट्ट्यात लपून जातात आणि म्हणूनच इतके दिवस सापडल्या नाहीत. पण एकशे एकोणीस रिपोर्टांत कोड एक पायरी वर गेला होता, काहींत दोन. एकवीस रिपोर्टांत एक पायरी खाली. एका रिपोर्टात दोन्ही चुका एकमेकींना पुरून उरल्या होत्या, उत्तर बरोबर आणि मोजणी दोन्हीकडून चुकीची. तोही मी यादीत लिहिला.

हे करताना सुईच्या भागाचंही एक प्रकरण निघालं. ईएमजी एनसीएसच्या जोडीने त्याच दिवशी केली तर २०१२ पासून त्याचे कोड वेगळे आहेत, आणि ते हातापायागणिक लागतात. एका हातात पाच किंवा जास्त स्नायू तपासले आणि ते निदान तीन नसांवरचे किंवा मणक्याच्या चार पातळ्यांवरचे असले तर ९५८८६, पूर्ण. चार किंवा कमी असतील तर ९५८८५, मर्यादित. एका रिपोर्टात डॉक्टरांच्या मजकुरात लिहिलेलं, दोन्ही हातांची पूर्ण ईएमजी. तक्त्यात उजवीकडे पाच स्नायू: खांद्याचा डेल्टॉइड, दंडाचा बायसेप्स, ट्रायसेप्स, तर्जनी-अंगठ्यामधला पहिला इंटरऑसियस आणि अंगठ्याच्या मुळाचा. पाच स्नायू, पाच नसा, काही प्रश्न नाही. डावीकडे तीनच. आम्ही मजकूर वाचून दोन्हीकडे ९५८८६ लावलेला.

क्वेरी टाकली. आमच्या कामात डॉक्टरांना काय उत्तर हवंय ते सुचवायचं नसतं, फक्त विचारायचं असतं: मजकूर आणि तक्ता जुळत नाहीत, कृपया स्पष्ट करा. तीन दिवसांनी उत्तर आलं. डाव्या हाताला रुग्णाला सुई सोसवेना, म्हणून तिथेच थांबलो, मजकूर नमुन्यातून तसाच राहिला. त्यांनी रिपोर्टाला तारखेसह पुरवणी जोडली, आणि डावीकडचा कोड ९५८८५ झाला. मला ते उत्तर फार आवडलं. त्या तीन ओळींत एक माणूस होता, ज्याने पुरे म्हटलं, आणि एक डॉक्टर, ज्याने ऐकलं.

निदानाच्या कोडांतही दुरुस्त्या निघाल्या, त्या लवकर आटोपल्या. रिपोर्टात "कार्पल टनेलची शक्यता" एवढंच असेल तर बाह्यरुग्णाला तो आजार लावता येत नाही, मुंग्यांचा आर २०.२ लावायचा. डॉक्टरांच्या निष्कर्षात दोन्ही मनगटांचं निदान पक्कं असेल तर जी ५६.०३. हा कोड २०१६ च्या ऑक्टोबरपासून आहे. त्याआधी उजव्याचा ०१ आणि डाव्याचा ०२ असे दोन लावायचे, आणि आमच्यातले काही अजूनही सवयीने दोन लावत होते.

मग क्लेम परत पाठवणं. खासगी कंपन्यांना सुधारित क्लेम: सीएमएस-१५०० फॉर्मच्या बावीस नंबरच्या रकान्यात ७ आणि जुन्या क्लेमचा नंबर. मेडिकेअरला तसं चालत नाही, तिथे रीओपनिंग, म्हणजे जुना क्लेम पुन्हा उघडणं, मागावं लागतं किंवा पैसे स्वतःहून परत करावे लागतात. हे काम बिलिंगवाल्यांचं, पण प्रत्येक क्लेमसोबत आधी काय मोजलं आणि आता काय मोजलं याची नसांच्या नावांसह यादी जायची, ती आम्ही बनवली.

सगळ्यात जास्त वेळ मी एका रकान्यावर अडकायचे. मेडिकेअरच्या पार्ट बी मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या बिलांच्या भागात, वर्षाची ठरावीक रक्कम स्वतः भरून झाल्यावर मान्य रकमेतले ८० टक्के सरकार देतं, २० टक्के रुग्ण. म्हणजे मी एफ वेव्हला एक जास्त मोजलं की त्या जास्तीचा पाचवा भाग कुणीतरी पासष्टीच्या पुढचं माणूस आपल्या खिशातून भरत होतं. रक्कम मोठी नसेल. पण ती त्याच्या घरी आलेल्या कागदावर छापलेली होती आणि त्याने ती खरी मानून भरली होती. विमा कंपनीचे पैसे परत गेले की नाही हे मी लीडला एकदा विचारलं. रुग्णांचे गेले का, हे पाच वेळा विचारलं. पहिल्यांदा तिने सांगितलं, तिकडचं ऑफिस बघतंय. पाचव्यांदा तिने मला त्यांच्याकडून आलेली शीट उघडून दाखवली. नावं झाकलेली, प्रत्येक ओळीपुढे परताव्याची तारीख. मी वरपासून खालपर्यंत मोजल्या. बहात्तर.

जुनी एक्सेल शीट आम्ही काढून टाकली. नव्या शीटमध्ये बेरजेचे रकाने नाहीत. उजवा-डावा हात, उजवा-डावा पाय, आणि त्याखाली परिशिष्ट जे मधल्या नसांची नावं, प्रत्येकासमोर एकच चौकोन. टिक दुसऱ्यांदा मारायला जागाच नाही. ती लातूरच्या सहकारीने बनवली. क्यूएसाठी तिने वेगळी बनवली आहे, जाणूनबुजून उलट्या क्रमाची, म्हणजे कोडर आणि तपासणारा एकाच वाटेने जाऊन एकाच खड्ड्यात पडणार नाहीत.

आई आता पट्टा बांधून झोपते. परवा फोनवर म्हणाली, पहाटे पाचलाच जाग आली, मुंग्यांनी नाही, दूधवाल्याने. डावा हात बरा आहे, उजव्यात अजून थोडं आहे. मार्चमध्ये पुन्हा एनसीव्ही करायची आहे, आणि या वेळी गरम पाण्याची पिशवी घरूनच घेऊन जायचं आम्ही ठरवलं आहे.